दुपारची मुलगी

कपड्यांच्या दुकानात काचेमागे जे पुतळे उभे असतात, अंगात कोट, मान जराशी तिरकी, रस्त्यावरच्या कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे, त्यांनाही दुखणीखुपणी असतात. बोटं मोडतात, नाकाचा शेंडा उडतो, उन्हानं गाल पांढरेफटक पडतात. मग दुकानदार त्यांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दुरुस्तीला धाडतो. ते ज्या घरी जायचे, त्या घरातल्या बाईंना सगळी गल्ली डोळेकाकू म्हणायची. त्यांचं खरं नाव एका पोस्टमनला तेवढं ठाऊक असावं.

काम सरळ वाटून घेतलेलं होतं. काकूंचे यजमान, म्हणजे पॉलिशकाका, मोडलेलं जोडायचे, भेगांत पुट्टी भरायचे, पॉलिशपेपरनं घासघासून अंग गुळगुळीत करायचे आणि कॉम्प्रेसर लावून रंगाचा फवारा मारायचे. इथवर पुतळ्याला तोंड असायचं, चेहरा नसायचा. चेहरा काकू आणायच्या. आधी भुवया, मग ओठ आणि अगदी शेवटी डोळे. तपकिरी किंवा करडं बुबुळ, त्याच्या मधोमध काळीभोर बाहुली आणि बाहुलीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक इवलासा ठिपका. तो ठिपका पडला, की आतापर्यंत नुसतं उभं असलेलं ते धूड एकदम बघायला लागायचं.

ही विद्या सासऱ्यांची. लग्न होऊन आल्या तेव्हा काकू कॉलेज शिकलेल्या, घरात रंगाचा वास सहन न होणाऱ्या. सासऱ्यांनी हातात ब्रश दिला आणि म्हणाले, "बाई, तुझा हात कापत नाही. माझा आता कापतो." त्यांनी दोन शिस्ती घालून दिल्या होत्या. पहिली अशी, की डोळे काढून होईपर्यंत पुतळ्याचं तोंड भिंतीकडे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. काकूंनी एकदा विचारलं तर म्हणाले, "तू एक दिवस उलटं करून बघ." काकूंनी करून पाहिलं. सगळं दालन बिनडोळ्यांच्या तोंडांनी भरलेलं आणि त्यात आपण एकट्याच डोळस. अर्ध्या तासात त्या सगळ्यांना परत भिंतीकडे वळवून मोकळ्या झाल्या.

दुसरी शिस्त जास्त कामाची होती. दिवसभर डोळे काढल्यावर संध्याकाळी आपल्या नजरेवर विश्वास ठेवायचा नाही. तासन् तास बाहुल्यांकडे बघत बसलं, की नजर खोटं बोलायला लागते. एक बाहुली मोठी दिसते, दुसरी बारीक. माणूस मोठी खोडून लहान करतो, मग लहान खोडून मोठी करतो आणि चांगला झालेला चेहरा हातानं नासवतो. म्हणून संध्याकाळी काही वावगं दिसलं, की एकच वाक्य बोलायचं: सकाळी बघू. सकाळी बघितलं, की सगळं जागच्या जागी असायचं. आणि अगदीच राहवलं नाही तर आरसा. पुतळ्याचा चेहरा आरशात बघायचा. नजर दमलेली असेल तर आरशातही खोट त्याच हाताला दिसते. खोट पुतळ्यातच असेल तर ती हात बदलते.

या दमलेल्या नजरेवरून घरात काकूंची थट्टा कायम चालायची. त्याला कारणही तसंच होतं. एका संध्याकाळी चहा देताना त्या काकांकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा एक डोळा मोठा झालाय." काकांना त्यांनी त्याच पावली डॉक्टरकडे पिटाळलं, बरोबर स्वतःही गेल्या. डॉक्टरांनी काकांचे डोळे नीट तपासले आणि चष्मा काकूंना दिला.

मुळात काकूंचा स्वभावच घोर लावून घ्यायचा. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघायच्या. मुलीला यायला उशीर झाला, की त्यांच्या डोळ्यांसमोर अँब्युलन्सच उभी राहायची. मुलगी एकुलती एक, सतरा वर्षांची. जिभेला हाड नाही. काका तिला तुणतुणं म्हणत, कारण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली, की तेच वाजवत राहायची. गेला महिनाभर एकच सूर लागला होता. तिला नकाशे काढायचं शिक्षण घ्यायचं होतं आणि ते दुसऱ्या शहरात होतं, लांब. काकूंना ते मान्य नव्हतं. का नाही, याचं धड उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. होता तो फक्त घोर.

त्या दिवशी सकाळपासून दोघींची जुंपलेली होती. एका मोठ्या दुकानाचे पुतळे संध्याकाळपर्यंत पोचवायचे होते. टेम्पो दारात लावलेला, निम्मे पुतळे गुंडाळून आत चढवलेले. एक बाईचा पुतळा माळ्यावर राहिला होता, तो आणायला काकांनी मुलीला पाठवलं. माळ्याचा लाकडी जिना उभट, शिडीसारखाच. खाली पुतळे उभे करायच्या लोखंडी चकत्या रचून ठेवलेल्या. मुलगी पुतळ्याला कमरेत धरून पाठमोरी उतरत होती आणि उतरता उतरता भांडत होती.

"मी जाणार म्हणजे जाणार!"

"आधी पायाखाली बघ."

"तुला ना, कुणी हललेलंच चालत नाही. घरात एवढी मुकी माणसं भरून ठेवलीयेस, त्यांनाच ठेव जवळ. ती नाही जात कुठे!"

शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आत तिची पायरी चुकली.

पडल्याचा आवाज फार मोठा नव्हता. पुतळा वर, मुलगी खाली, आणि मुलीचं डोकं, डाव्या कानाच्या जरा वर, एका लोखंडी चकतीच्या कडेवर. काकू धावल्या. पुतळा बाजूला केला तेव्हा मुलीचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर रागबिग काही नव्हतं. काहीच नव्हतं. घासून रंग मारलेला, पण डोळे काढायचे राहिलेले चेहरे दिसतात ना, तसं. काकूंनी तिचं नाव घेऊन हाका मारल्या.

मग मुलीनं डोळे उघडले.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"पडलीस तू! लागलं का? दाखव बघू."

कानाच्या वर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. रक्ताचा टिपूस नाही. काकांनी ओलं फडकं आणलं, तिला बोटं मोजायला लावली, स्वतःचं नाव विचारलं. तिनं सगळं बरोबर सांगितलं. काकू म्हणाल्या, "अहो, दवाखान्यात नेऊन आणू या."

"अगं, रक्तसुद्धा आलेलं नाही. टेंगूळ बाहेर आलंय ना, मग काळजी नाही."

"बेशुद्ध पडली होती ती."

"घाबरून डोळे मिटले असतील. तू तर ती शिंकली तरी स्ट्रेचर मागवशील." काका हसले. वाईट हेतू नव्हता त्यांचा. इतक्या वर्षांत काकूंनी लांडगा आला म्हणून इतक्यांदा ओरडा केला होता, की आता त्यांचं त्यांनाच तो खरा वाटेना.

"मी बरी आहे, आई," मुलगी म्हणाली. "खरंच. उगाच नको ना त्रास करून घेऊस."

उगाच नको ना त्रास करून घेऊस. हे वाक्य या मुलीच्या तोंडून काकूंनी जन्मात ऐकलं नव्हतं.

दुपार सुरू झाली ती अशी. काका पलीकडच्या दालनात कॉम्प्रेसर लावून राहिलेल्या पुतळ्यांवर फवारा मारायला लागले. काकू खिडकीपाशी त्यांच्या स्टुलावर बसल्या. मुलीला त्यांनी आडवं व्हायला सांगितलं, पण तिला पडून राहायचं नव्हतं. ती लहान चौरंग ओढून आईच्या गुडघ्याशी येऊन बसली, पूर्वी, शाळेत जायच्याही आधी बसायची तशी. आणि ब्रश पुसून हातात द्यायला लागली.

"किती छान करतेस तू हे," ती म्हणाली. "मी कधी नीट बघितलंच नाही."

काकूंनी ब्रश थांबवून तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. थट्टेनं नाही, नुसतीच.

"आज काय काढलंस हे नवीन?" काकू म्हणाल्या.

"काही नाही गं. किती शांत वाटतंय ना आज?"

पलीकडे कॉम्प्रेसर असा धडधडत होता, की खिडकीची काच हलत होती. काकूंना वाटलं, तिला म्हणायचं असेल आज भांडण नाही म्हणून शांत. त्यांनी मान हलवली.

थोड्या वेळानं मुलगी उठली. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या पुतळ्यांपाशी गेली आणि एकेकाला खांद्याला धरून वळवायला लागली, हलक्या हातानं, पाहुण्याला खुर्ची दाखवावी तसं.

"अगं, काय करतेस? त्यांचे डोळे व्हायचेत."

"असू दे. बिचाऱ्यांना केव्हापासून एकटं वाटत असेल." तिनं शेवटच्या पुतळ्याच्या गालावरची धूळ बोटानं पुसली. "आता बघ. आता बरं वाटलं सगळ्यांना."

काकूंच्या मानेवरून काहीतरी सरकत गेलं. पण मुलगी परत येऊन गुडघ्याशी बसली, डोकं त्यांच्या मांडीवर टेकलं, आणि ती थंड सरसर विरून गेली. किती वर्षांनी हे डोकं मांडीवर येत होतं! टेंगळाला धक्का न लावता काकू तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या. समोर बिनडोळ्यांचे ते सगळे, मुकाट, त्यांच्याकडे तोंड करून.

मुलगी बोलत होती. लहानपणीचं काय काय. आजोबांच्या खिशातल्या खडीसाखरेचं, एका हरवलेल्या छत्रीचं, कधीतरी आलेल्या तापाचं. काकू विसरून गेलेल्या गोष्टीही तिला आठवत होत्या. मग ती म्हणाली, "आई, मी नाही जात."

"कुठे?"

"तिकडे. शिकायला. इथंच राहते, तुझ्याजवळ. इथं किती शांत आहे."

 महिनाभर जे ऐकण्यासाठी काकू घसा कोरडा करत होत्या ते असं न मागता, मांडीवर येऊन पडलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. एखाद्या शहाण्या बाईनं त्याच वेळी ओळखलं असतं, की तुणतुण्याची तार अशी आपोआप जुळत नाही. काकूंना ओळखायचं नव्हतं. त्यांना ती दुपार संपायला नको होती.

"काय झालं होतं गं मला?" मुलीनं विचारलं.

"पडलीस ना जिन्यावरून."

"हो का." आणि जरा वेळानं, अगदी त्याच सुरात, "आई, काय झालं होतं गं मला?"

"सांगितलं ना आत्ता!"

"हो, हो. विसरलेच." ती परत तशीच गोड हसली.

ऊन उतरायला लागलं तसं तिचं बोलणं कमी झालं. डोकं जरा ठणकतंय म्हणाली. झोप येतेय म्हणाली. काकूंनी मागितलेला ब्रश तिनं उचलला, पण उजव्या हातातून तो गळून पडला आणि गळलेल्या ब्रशकडे ती नुसती बघत बसली, दुसऱ्या कुणाचा असावा तशी. काकूंनी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला.

डावी बाहुली मोठी होती.

फार नाही. इतकी, की ब्रशचं एखादं टेकवणं जास्त पडावं. उजवी बारीक, खिडकीच्या उजेडात जशी असायला हवी तशी. डावी काळी, रुंद, उजेडाची पर्वा नसल्यासारखी. काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तीच खोट. आता कुणीही आई उठून दाराबाहेर धावली असती. पण कुणीही आई सकाळपासून बाहुल्या काढत बसलेली नसते. काकूंनी रोज संध्याकाळी ही खोट पाहिली होती, पुतळ्यांत, नवऱ्यात, दूधवाल्यात, मांजरात. आणि रोज सकाळी ती खोटी ठरली होती. सासऱ्यांची शिस्त त्यांच्या हाडांत मुरलेली होती. नजर दमलीय, त्यांनी स्वतःला बजावलं. हात लावू नकोस.

तरी त्यांनी काकांना हाक मारली. कॉम्प्रेसर बंद करून, हात पुसत काका आले.

"अहो, हिचा डावा डोळा बघा. मोठा दिसतोय."

काकांनी वाकून पाहिलं. रंगाच्या धुरळ्यानं त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं. "मला तर काही दिसत नाही. का, परत चष्मा बदलायचाय?"

"थट्टा नको."

"बरं, नाही करत. झोपू दे तिला. दमलीय पोर. सकाळी बघू."

ते टेम्पोत उरलेले पुतळे चढवायला गेले. सकाळी बघू. काकूंनीही ओठांतल्या ओठांत तेच म्हटलं, सवयीनं. मुलगी उठून मोरीपाशी गेली आणि ओकली. तोंड धुवून मागे वळली, भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माफ करा हं."

करा. आईला. परक्या घरी पाहुणी आलेली मुलगी बोलेल तसं.

काकू ताडकन उठल्या. त्यांनी तिला धरून खिडकीशी आणलं, स्टुलावर बसवलं आणि खिळ्यावरचा सासऱ्यांचा आरसा काढला. स्वतः तिच्या मागे उभ्या राहिल्या. दोघींच्या समोर आरसा धरला. मघाशी समोरून बघताना मोठी बाहुली त्यांच्या उजव्या हाताला होती. नजरेची खोट असेल तर आताही ती उजव्याच हाताला दिसायला हवी. देवा, उजव्याच हाताला दिसू दे, त्या म्हणाल्या.

आरशातून मुलगी त्यांच्याकडे बघत होती. आणि ती काळी, रुंद बाहुली डाव्या हाताला होती.

काकूंनी टॉर्च घेऊन तिच्या डोळ्यांसमोर धरला. उजवी बाहुली आकसली. डावीवर उजेड पडला आणि तसाच पडून राहिला, रंगवलेल्या डोळ्यावर पडतो तसा.

"अहो!" काकू ओरडल्या. इतक्या मोठ्यानं, की समोरच्या घरातल्या खिडक्या उघडल्या.

टेम्पो पुतळ्यांनी भरलेला होता. उतरवायला वेळ नव्हता. काकांनी मुलीला उचलून मागे ठेवलं, काकू तिच्याशेजारी चढल्या आणि टेम्पो सुटला. मागच्या अंधुक उजेडात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली ती सगळी अंगं प्रत्येक खड्ड्यागणिक हलत होती, एकमेकांवर हलकेच आपटत होती. प्लॅस्टिकच्या आतून डोळे दिसत होते. काकूंनीच काढलेले, नीट, सारखे, जोडीजोडीनं. मुलगी हाकेला ओ देईनाशी झाली होती. तिचा श्वास घोरल्यासारखा येत होता. काकू तिच्या कानाशी तोंड नेऊन सारखं एकच बोलत होत्या. "भांड. भांड गं माझ्याशी. काहीतरी वाकडं बोल."

हॉस्पिटलच्या दारात पहारेकऱ्यानं मागचं दार उघडलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"किती जण आहेत?" त्यानं विचारलं.

"एक," काका म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "जिवंत एकच आहे. लवकर करा."

पुढचं सगळं पांढऱ्या दिव्यांखाली आणि भरभर झालं. मुलीला यंत्रात सरकवून डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. त्यांनी फोटो उजेडावर धरला. कवटीच्या आतल्या बाजूला, कानाच्या वर, एक पांढरा फुगवटा होता, भिंगासारखा, दोन्हीकडून गोल.

"हे रक्त आहे," त्या म्हणाल्या. "मेंदूला लागलेलं नाही. पण त्या जागी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याला चिकटूनच एक रक्तवाहिनी जाते. हाडाला बारीक तडा गेला, त्यात ती फाटली. मेंदूवर एक जाड आवरण असतं. कवटी आणि ते आवरण यांच्यामध्ये फट नसते खरं तर, पण रक्त साठत गेलं, की ते आवरण हाडापासून सुटत जातं. आणि मेंदू आत दाबला जातो. कवटीला फुगायला जागा नाही ना."

काका खाली बघत होते. "बाहेर रक्त आलं नव्हतं हो," ते म्हणाले.

"बाहेर येतच नाही बहुतेक वेळा. आम्हाला हाड उघडून ते काढावं लागेल. आत्ता."

"पण डॉक्टर," काकू म्हणाल्या, "ती दुपारभर चांगली बोलत होती. अगदी शहाण्यासारखी."

"बोलतात," डॉक्टरीण बाई निघता निघता थांबल्या. "मधला काही वेळ माणूस अगदी बरा वाटतो. घरच्यांना वाटतं, सुटलो. तेवढ्या वेळात आत रक्त साठत असतं. सगळ्यांत जास्त फसवणूक तिथंच होते. तुम्ही डोळा बघून आणलंत ते बरं केलंत. आणखी उशीर झाला असता तर..." एवढं म्हणून त्या आत गेल्या.

बाहेरच्या बाकावर काकू बसून राहिल्या. दार बंद झाल्यावर काकांनी एकदाच त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "मी नको म्हणालो होतो." काकूंनी त्यांना बोलू दिलं नाही. त्यांना नवऱ्याचा राग येत नव्हता. त्या वेगळ्याच गोष्टीनं गारठून गेल्या होत्या. मांडीवर डोकं टेकून मुलगी म्हणाली होती, मी नाही जात, आणि त्याच क्षणी, त्यांच्याच बोटांखाली, हाडाच्या आतल्या अंगानं रक्त वाढत होतं. मग बोलली कोण? मुलगी, की ते? पुतळ्यांना कुणी वळवलं? आणि आपण, आईनं, कुणाच्या केसांतून हात फिरवत सुखानं डोळे पुसले?

ऑपरेशन नीट झालं. सकाळी त्यांना आत सोडलं. मुलीचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं, ओठ सुकलेले. काकूंनी वाकून आधी डोळे बघितले. दोन्ही बाहुल्या सारख्या. त्यांनी हाताची सावली धरली, काढली. दोन्ही एकदमच हलल्या.

"कशी आहेस बाळा?"

"बरी आहे, आई," मुलगी म्हणाली. आणि हसली. हलकंसं, गोड.

काकू खाटेपासून एक पाऊल मागे सरल्या.

तो अख्खा दिवस मुलगी तशीच होती. पाणी पी म्हटलं, की पाणी प्यायची. झोप म्हटलं, की डोळे मिटायची. हो आई. बरं आई. नर्स म्हणाली, "किती गुणी मुलगी आहे हो तुमची." काकांना आनंद झाला. काकू कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. त्यांना भीती वाटत होती, की डॉक्टरांनी परत आणून दिली आहे ती चुकीची आहे. की रक्त काढलं, हाड बसवलं, पण जिन्यावरून भांडत उतरणारी ती मात्र आत कुठेतरी राहून गेली, आणि यापुढे जन्मभर ही दुपारचीच मुलगी हो आई म्हणत घरात वावरणार. डॉक्टरांना विचारायचं तरी काय? माझी मुलगी फार चांगली वागते आहे, असं?

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला नर्स आली. मुलीचा हात डोक्याकडे गेला. चाचपला. थांबला. परत चाचपला.

"माझे केस कुठे आहेत?"

"कापावे लागले, बाळा. एकाच बाजूचे."

"एकाच बाजूचे? म्हणजे अर्धी बोडकी करून ठेवलीत मला? कापायचे तर सगळे तरी कापायचे! कुणी सांगितलं यांना? तू सांगितलंस? तू होतीस ना इथं? आणि आरसा कुठाय? नको, आरसा नको. बाबा, हसू नका! आई, तू का रडतेयस? केस माझे गेलेत!"

नर्स गोंधळून काकूंकडे बघायला लागली. काकू पदरानं तोंड झाकून रडत होत्या आणि मधूनच त्यांना हसू फुटत होतं. "बोल," त्या म्हणत होत्या. "अजून बोल."

संध्याकाळी जरा निवल्यावर मुलीनं विचारलं, काय झालं म्हणून. तिला जिना आठवत होता. मुक्या माणसांवरून टोमणा मारल्याचं चांगलं आठवत होतं. पुढे कोरं. काकूंनी तिला ती दुपार सांगितली. ब्रश पुसून दिले ते, पुतळे वळवले ते, मांडीवर डोकं ठेवलं ते. मुलगी ऐकत होती, भुवया उंचावून, दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तशी.

"मी म्हणाले, नाही जात?"

"हो."

"शक्यच नाही. मी असं म्हणणारच नाही." तिनं अंगावरची चादर घट्ट ओढून घेतली. "मग तू एवढा वेळ बोलत कुणाशी होतीस?"

  पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीनं कूस बदलली.

"चांगली होती का गं ती?" मुलीनं हळूच विचारलं. "माझ्यापेक्षा?"

"गोड होती," काकू म्हणाल्या. "तिनं माफ करा म्हटलं, तेव्हाच मी आरसा काढला."

मुलीला हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर आलं नाही. "मी जाणार आहे शिकायला," ती म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते. डोकं फुटलं म्हणून बेत बदलणार नाही."

"जा," काकू म्हणाल्या.

"काय?"

"जा म्हटलं. टाके निघू देत, बरी हो, आणि जा."

मुलीनं मान उशीवरून जेवढी उचलता येईल तेवढी उचलली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती आईकडे बारीक नजरेनं, जरा घाबरूनच बघत होती.

"एवढ्या सहज हो म्हणालीस?" तिनं विचारलं. "आई, तू कुठे पडलीबिडली नाहीस ना?"

"नाही गं."

"इकडे ये. जवळ ये. चष्मा काढ."

काकूंनी चष्मा काढला आणि खाटेवर ओणवून चेहरा उजेडात धरला. मुलीनं त्यांची हनुवटी बोटांत पकडली. आधी एक डोळा बघितला, मग दुसरा. मग परत पहिला. बराच वेळ तिनं हनुवटी सोडली नाही.